भयकथा वाचणारी सून

प्रिय मावशी,

मी राजारामपुरीत राहते. वय ३९, एका पतसंस्थेत नोकरी. गेल्या सव्वा वर्षात भयकथा आणि काळ्याकुट्ट रहस्यकथा सोडून मी दुसरं काही वाचलेलं नाही. मराठी, इंग्रजी, इंग्रजीतून आलेल्या जपानी, कोरियन, हाताला लागेल ते. पंचवीसेक पुस्तकं झाली असतील. बहुतेकांनी निराशा केली. दर पन्नास पानांनी धक्का, शेवटी आणखी एक धक्का, आणि पुस्तक मिटलं की डोक्यात काहीच उरत नाही. निम्म्या पुस्तकांची सुरुवात कुणा पोरीच्या प्रेताने होते आणि ती पोर कोण होती याचं लेखकाला काही पडलेलं नसतं. त्याचा राग येतो. पण दोन-तीन पुस्तकांनी असं धरलं की रात्री गॅलरीतले कपडे काढायला जायची हिंमत होईना. त्यातल्या एका जपानी पुस्तकात तर भूतही नव्हतं, नुसते घराचे नकाशे होते.

सासूबाई भुदरगडकडच्या. त्या म्हणतात, तिन्हीसांजेला असलं वाचू नये, घरात लेकरू आहे. लेक अकरा वर्षांची, तीही आता माझ्या पुस्तकांत डोकावते. आमच्या कॉलनीचं वाचन मंडळ आहे, तिथे येत्या रविवारी ‘मी अलीकडे काय वाचलं’ यावर मला वीस मिनिटं बोलायचंय. विषय सांगितला तर एक काकू म्हणाल्या, “अगं, घरी सगळं बरं आहे ना?”

माझी आवड वाईट आहे का? हे वाचणं सोडू का? आणि बोलायचं तर काय बोलू?

ता. क. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. अकरा दिवस आयसीयूत होते. त्याचा याच्याशी संबंध नसावा, उगाच लिहिलं.

एक वाचक, कोल्हापूर



तू मला मावशी म्हटलंस, तेव्हा मी एकेरीवरच येते. पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तुझी आवड वाईट नाही, आणि वाचणं सोडू नकोस.

ताजा कलमाबद्दल शेवटी बोलू. तो तू वेगळ्या पेनने लिहिलायस, हे मी पाहिलंय.

एकतीस वर्षं मी वाचनालयाच्या देवघेव विभागात बसले. आपल्या गावात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. माझं वाचनालय त्यापुढे अगदी धाकटं, पेठेतलं, दोन खोल्यांचं. पण पावणेदोनशे वर्षं वाचणाऱ्या या गावातसुद्धा भयकथा मागायला आलेला माणूस आवाज खाली करूनच बोलायचा. संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई दर शनिवारी यायच्या. नारायण धारपांचं एक पुस्तक घ्यायच्या आणि पिशवीत त्याच्यावर ज्ञानेश्वरीवरचं एखादं जाड पुस्तक ठेवायच्या. ज्ञानेश्वरीही त्या वाचत असणारच. पण पुढच्या शनिवारी धारप परत करताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. सगळ्यात आधी खाकी कव्हर फाटायचं ते त्याच फळीवरच्या पुस्तकांचं, आणि तारीखपट्टी भरून दुसरी चिकटवावी लागायची तीही त्यांनाच. एका पुस्तकात कुणीतरी पेन्सिलने समासात लिहिलं होतं, ‘पुढचं रात्री वाचू नये.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘वाचलं. बरोबर आहे.’ नियमाप्रमाणे मला ते खोडायला हवं होतं. मी नाही खोडलं.

म्हणून त्या काकूंच्या प्रश्नाने खट्टू होऊ नकोस. काळजीपोटी विचारलं असेल त्यांनी. पण भीतीची गोष्ट आवडणं म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण, हा समज आपण उगाच जपलाय. बाहेरच्या जगात हे कोडं केव्हाच सुटलं. अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेझ या बाईंचा भयकथांचा संग्रह २०२१ साली आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता, पुढच्याच वर्षी कोरियाच्या बोरा चुंग यांचा. एन्रिकेझ यांच्या देशात १९७६ ते १९८३ लष्कराची राजवट होती, हजारो माणसं घरांतून उचलली गेली आणि परत आलीच नाहीत. त्यांच्या गोष्टीत भूत आलं की वाचणाऱ्याला ती माणसं आठवतात. अशी गोष्ट वाचून झोप उडाली तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता तुझ्या निराशेकडे वळते, कारण पत्रातला तो भाग मला सगळ्यात आवडला. धक्क्यावर धक्के बसतात आणि तरी भीती वाटत नाही, असं का होतं ते तुला नीट सांगता येत नाहीये. मला वाटतं, कोल्हापुरात राहणाऱ्याला ते सांगणं सोपं आहे.

जुलै-ऑगस्टात आपण काय करतो, आठव. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरालासुद्धा पाठ असतं. सकाळी उठून पहिला प्रश्न, “किती झालं?” दुपारी पुन्हा तोच. गगनबावड्याला पाऊस उघडला का, राधानगरीचे किती दरवाजे उघडले. कुणी ओरडत नाही, कुणी धावत नाही. चहा होतो, डबे भरले जातात, आणि आकडा इंचाइंचाने वर जात राहतो.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा शुक्रवार पेठेत होते. सामान माडीवर चढवून झालं होतं, वीज गेली होती, यजमान थकून झोपले होते. मी टॉर्च घेऊन जिन्यात बसले होते आणि पायऱ्या मोजत होते. खालच्या चार केव्हाच पाण्यात गेल्या होत्या. पाचवी गेली तेव्हा साडेअकरा झाले असतील. मग मी ठरवलं, दर अर्ध्या तासानेच टॉर्च लावायचा. मधला अर्धा तास नुसतं बसायचं. पाण्याला आवाज नव्हता, हे मला अजून आठवतं. आवाज होता तो एका चपलेचा. कुणाची तरी रबरी चप्पल वाहत आत आली होती आणि खालच्या खोलीच्या दारावर हळूहळू आपटत होती. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. चप्पल आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी दर वेळी मला वाटायचं, कुणीतरी दार वाजवतंय. सातवी पायरी दीडच्या सुमारास गेली.

भयकथा यालाच म्हणतात गं. काय येणार आहे ते ठाऊक असतं, कुठून येणार ते ठाऊक असतं, फक्त ते कितव्या पायरीवर आहे हे अंधारात दिसत नाही. तुझी ती धक्केबाज पुस्तकं दर दहा मिनिटांनी टॉर्च लावून “बघ बघ” करून ओरडतात. वाचणारा दचकतो. पण दचकणं आणि भिणं वेगळं. दचकलेला माणूस दोन मिनिटांत हसायला लागतो. भ्यालेला माणूस गॅलरीत जात नाही.

ही धक्क्याची हौस आजची नाही, तेवढं नव्या लेखकांच्या बाजूने बोलते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्याही प्रकरणाच्या शेवटी वाचणाऱ्याला टांगून ठेवायच्या, आणि आमच्या पिढीने त्या जेवणाचं ताट बाजूला सारून वाचल्या. पण त्यांचं वचन सरळ होतं: चोर कोण, त्यांचा नायक झुंजार जिवानिशी सुटणार कसा. ते पाळलं की पुस्तक संपलं, आणि वाचणारा खूश. आताची बरीच पुस्तकं वचन देतात अंधाराचं आणि हातावर ठेवतात कोडं. कोडं सुटलं की सगळी खोली लख्ख उजळते, कोपरासुद्धा अंधारा राहत नाही. तुझी चिडचिड तिथली आहे, असं मला पत्रावरून वाटलं. फोनवर ऐकायला म्हणून लिहिलेल्या गोष्टींत हे जास्त दिसतं. ऐकणारा मध्येच उठून जाईल या धास्तीने लेखक त्याचा हात सोडतच नाही.

धारपांचा हात वेगळा होता. २०२५ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या १९७५ च्या एका कादंबरीवरून बेतलेली आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण ती वाचताना अमेरिकेची आठवणही होत नाही. त्यांची माणसं आपल्यातली, नोकरीपेशातली, हिशोबी, बिचकत बोलणारी. अशी माणसं घाबरली की वाचणाऱ्याला पळायला वाट उरत नाही. २०१८ सालचा ‘तुंबाड’ पडद्यावर बघून तरुण मुलं थक्क झाली, त्यातल्या म्हाताऱ्या आजीचं मूळही धारपांच्या एका कथेत आहे. लेकीला मोठेपणी हे सगळं दे. आता नको.

तुझं ते नकाशांचं जपानी पुस्तक मीही वाचलंय, भाचीने पुण्याहून आणून दिलं. पांढरा मुखवटा आणि काळे कपडे घालून यूट्यूबवर येणाऱ्या उकेत्सूचं. घराच्या नकाशात भिंतींच्या मध्ये एक जागा आहे आणि तिला दार नाही, एवढंच ते. त्या पानावर माझा हात थबकला, कारण माझ्या माहेरच्या वाड्यात तशी जागा होती. बळद. भिंतीतल्या पोकळीत वरून धान्य ओतायचं आणि खाली एका छोट्या तोंडातून काढून घ्यायचं. लहानपणी मी त्या तोंडाला कान लावून बसायचे. आत ज्वारी आपोआप सरकल्याचा आवाज यायचा, कुणी हात न लावता. ते पुस्तक लिहिणाऱ्याला बळद माहीत असायचं काही कारण नाही. त्याने फक्त एक दार काढून घेतलं आणि बाकीचं वाचणाऱ्याच्या घरावर सोडलं. तुझ्या फ्लॅटमध्ये बळद नाही, मग तुला कशाची आठवण झाली? हे स्वतःला विचार. मंडळात सांगण्याजोगं तिथेच काहीतरी मिळेल.

पोरीच्या प्रेताबद्दल तू लिहिलंस ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोडा वेळ बसून राहिले.

आपल्या शहराने खरी काळी गोष्ट पाहिली आहे. लहान मुलांना पळवून त्यांचे खून केल्याचं प्रकरण १९९६ साली उघडकीस आलं तेव्हा तू शाळेत असशील. २००१ साली इथल्याच न्यायालयाने त्यात फाशीची शिक्षा दिली, आणि पुढे विलंबाच्या कारणाने २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. मला त्यातलं कोर्ट फारसं आठवत नाही. मला आठवतात त्या हिवाळ्यातल्या बायका. आमच्या वाचनालयात पुस्तक बदलायला यायच्या आणि सही करतानासुद्धा मुलाचं मनगट सोडायच्या नाहीत. डाव्या हाताने मूल धरायचं आणि उजव्या हाताने वाकडीतिकडी सही. त्या दोन-तीन महिन्यांच्या रजिस्टरमधल्या सह्या तशाच आहेत, ओळीत न बसलेल्या.

त्या प्रकरणावर नंतर पुष्कळ लिहिलं गेलं, दाखवलं गेलं. बहुतेक ठिकाणी मारणाऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत. ती लेकरं कुणाची होती, त्यांना काय आवडायचं, कुणाच्या कडेवर बसायची, हे शोधायला जावं तर काहीच हाती लागत नाही. म्हणून तुझा राग मला पटतो, आणि तो तू वाचनाचा निकष म्हणून सरळ वापर. रहस्यकथा हातात घेतलीस की तीसेक पानांनंतर थांब आणि बघ, जी मेली तिच्याबद्दल आपल्याला काय कळलं? तिला चहात साखर किती लागायची, तिचं कुणाशी वाजलं होतं, तिच्या पर्समध्ये कसली पावती होती? काहीही. यातलं काहीच नसेल आणि फक्त जखमांचं वर्णन असेल, तर पुस्तक परत कर. पुरं वाचलंच पाहिजे असा नियम नाही. उलट ज्या लेखकाने मेलेल्या मुलीला आधी जगू दिलं, त्याच्यासाठी रात्रीचे दोन वाजले तरी जाग.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. तिन्हीसांजेला त्या म्हणतात तर तेवढा वेळ पुस्तक ठेव बाजूला. दिवाबत्ती होऊ दे, लेकीचं ताट होऊ दे. पण एक कर. एखाद्या रात्री, पाऊस असेल तर उत्तमच, त्यांना विचार, तुमच्या गावाकडे चकवा लागायचा म्हणजे काय व्हायचं? ओढ्यातला गिऱ्हा, ते पाण्यातलं भूत, कुणी पाहिलं होतं का? रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ते कशामुळे? भुदरगडच्या रानात वाढलेल्या बाईकडे यातलं काही नाही, असं होणार नाही. त्यांना तुझी पुस्तकं नकोशी वाटतात, याचं मला दिसणारं कारण असं: त्यांच्या लेखी ह्या गोष्टी वाचायच्या नसतात, सांगायच्या असतात, आणि त्याही चार माणसं जवळ बसलेली असताना. एकटीने अंधारात वाचणं त्यांना भयंकर वाटतं. आणि खरं सांगू का, त्यांचं अगदीच चुकत नाही.

मात्र लेकरावरून उतरवून टाकू, कुणाला तरी दाखवून आणू, असं बोलणं निघालं तर तिथे ठाम राहा. गोष्टीतलं भूत खोटं आहे यावर लेखकाचं आणि आपलं आधीच एकमत असतं. गंडेदोरे विकणाऱ्याला ते खरं वाटायला हवं असतं. आपल्या राज्याने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशा लुबाडणाऱ्यांसाठी आणि इजा करणाऱ्यांसाठी. भयकथा वाचणारी माणसं बहुधा त्यांच्या जाळ्यात लवकर सापडत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे. त्यांना भुताची कारागिरी ठाऊक असते.

लेकीचं सोपं आहे. आपल्याकडे गूढकथा म्हटलं की रत्नाकर मतकरींचं नाव येतं, आणि ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणारेही तेच. दिलीप प्रभावळकरांनी गाजवलेली ती चेटकीण ज्यांनी लहानपणी पाहिली, ती माणसं आज आजी-आजोबा झाली तरी तिची नक्कल करून दाखवतात. मुलांना भ्यायला आवडतं, फक्त कुणाच्या तरी मांडीवर बसून. मी माझ्या मुलाला केशवराव भोसले नाट्यगृहात नाटकाला नेलं होतं, तेव्हा तो अर्धा प्रयोग माझ्या पदराआडून बघत होता आणि बाहेर आल्यावर म्हणाला, “परत कधी?” (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले होते. त्यावर आता लिहिता येणार नाही मला.) तेव्हा लेकीला बरोबर घेऊन वाच, मोठ्याने वाच, आणि ‘पुरे’ म्हणायचा हक्क तिला दे. ज्यात लहान मुलांचे हाल आहेत ती पुस्तकं वरच्या फळीवर ठेव.

आता बाबा.

ताजा कलम तू नंतर लिहिलास. पत्र निळ्या शाईत, तो काळ्या बॉलपेनने. म्हणजे पत्र लिहून झालं, घडी घालायची राहिली, आणि मग तू परत बसलीस. जे लिहायचंच नव्हतं त्यासाठी दुसरं पेन शोधलंस. संबंध नसावा म्हणतेस. मला तर सगळं पत्र तिथूनच सुरू झाल्यासारखं वाटतं.

आयसीयूच्या बाहेरची बाकडी मी ओळखते. आत एक आकडा असतो. कधी ऑक्सिजनचा, कधी रक्तदाबाचा. दिवसातून दोनदा आत सोडतात आणि तू आधी माणसाकडे बघत नाहीस, आकड्याकडे बघतेस. कालच्यापेक्षा दोनने वर. मग बाहेर येऊन सगळ्यांना सांगायचं. डॉक्टर म्हणतात, “बघू या.” घरून डबा येतो. शेजारच्या बाकावरच्या बाईचं माणूस जातं आणि तिची जागा दुसरी बाई घेते. अकरा दिवस. मी एक रात्र जिन्यात बसले तर अजून पायऱ्या मोजते. तू अकरा दिवस बसलीस.

तेव्हा तुला भ्यायची मुभा नव्हती. आईला धीर द्यायचा, बिलं भरायची, भावाला फोन करायचे. ती भीती कुठे गेली असेल? माझा अंदाज चूक असू शकेल, पण मला वाटतं, ती तू आता थोडी थोडी करून पुस्तकांतून बाहेर काढते आहेस. धक्क्याची पुस्तकं म्हणूनच तुझ्या उपयोगी पडत नाहीत. तुला तो हळूहळू चढणारा आकडा हवा आहे, पण या खेपेला पुस्तक तुझ्या हातात असताना. हवं तेव्हा मिटता येईल असं.

यजमान गेल्यावर मी आठ महिने फक्त गुन्हेगार शेवटी पकडला जातो अशी पुस्तकं वाचली. दुसरं उघडलं की दोन पानांत मिटायचं. शेवटच्या प्रकरणात कुणीतरी सगळ्यांना एका खोलीत जमवून सांगायचं, हे असं झालं, ह्याच्यामुळे झालं. मला एवढंच ऐकायचं होतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, संबंध नाही, सहज वाचतेय. नवव्या महिन्यात एका दुपारी मी स्वयंपाकघरात डबे पुसता पुसता कवितांचं एक पुस्तक उघडलं आणि उभ्या उभ्याच वाचत राहिले.

एक मात्र नीट बघ. पुस्तक वाचायचं म्हणून जागतेस, की डोळे मिटायला नको म्हणून पुस्तक उघडतेस? दुसरं असेल, आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कामावर हात चालत नसेल, तर पुस्तकावर भार टाकू नकोस. डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येतं. त्यात कमीपणा नाही. आणि आईशी एकदा त्या अकरा दिवसांबद्दल बोल. ती कुठल्या आकड्याकडे बघत होती, हे तू तिला अजून विचारलं नसशील.

राहिली रविवारची वीस मिनिटं. पंचवीस पुस्तकांची यादी वाचू नकोस, माणसं चौथ्या नावाला घड्याळाकडे बघायला लागतात. तीनच ने. ज्याने चिडवलं ते एक, आणि ज्यांनी धरलं ती दोन. सुरुवात गॅलरीपासून कर. किती वाजले होते, दोरीवर काय वाळत होतं, दाराच्या कडीपर्यंत हात गेला आणि का परत आला. एवढं खरं खरं सांगितलंस की पुढे भयकथा म्हणजे काय हे कुणाला समजावत बसावं लागणार नाही. मग एखादं पान मोठ्याने वाच, सावकाश. आवाज बदलू नकोस, अभिनय करू नकोस. बाबांबद्दल बोलायचं की नाही हे आधी ठरवून जाऊ नकोस, तिथे उभी राहिलीस की कळेल. सासूबाईंना बरोबर ने, आणि शेवटची पाच मिनिटं त्यांच्या गावच्या गिऱ्ह्याला राखून ठेव.

आमच्या वाचनालयात एका रहस्यकथेचं शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं. दुसरी प्रत घ्यायला पैसे नव्हते. वाचक परत करायला यायचे आणि रागावून विचारायचे, शेवट काय? मलाही माहीत नव्हता. मग मी प्रत्येकाला विचारायला लागले, तुम्हाला काय वाटतं? जे सांगतील ते चिठ्ठीवर लिहून पुस्तकातच ठेवायचे. मी निवृत्त झाले तेव्हा त्यात चौदा चिठ्ठ्या होत्या, आणि ते पुस्तक आधीपेक्षा जास्त बाहेर असायचं.

तेव्हा तूही रविवारी शेवट सांगू नकोस. काकूंनी विचारला तर पुस्तक त्यांच्या हातात दे, आणि परत कधी देणार ते तारखेसकट लिहून घे.

तुझी,
मावशी